जिंकलेल्या बेटाचे वारस

ब्रिटनच्या पश्चिमेला, आजच्या वेल्सला लागून अँगल्सी नावाचे बेट आहे. रोमन लोक त्याला मोना म्हणत. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये मेनाईची चिंचोळी खाडी. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये सुएटोनियस पॉलिनस हा रोमन सुभेदार फौज घेऊन या खाडीच्या काठी येऊन उभा राहिला. पायदळासाठी त्याने सपाट तळाच्या होड्या बांधून घेतल्या. घोडदळ कुठे उथळ पाण्यातून, कुठे पोहत पार झाले. पैलतीरावर हत्यारबंद माणसांची दाटी होती. त्यांच्यामधून काळे कपडे घातलेल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका हातात पेटते पलिते घेऊन धावत होत्या आणि ड्रुइड नावाचे त्यांचे धर्मपुरुष आभाळाकडे हात करून शाप देत होते. रोमन शिपाई म्हणे काही क्षण जागच्या जागी खिळून गेले. मग सेनापतीने हिंमत दिली, त्यांनीही एकमेकांना डिवचले आणि बायका व वेडे पुजारी यांना काय भ्यायचे म्हणून ते तुटून पडले. समोर आलेल्यांना कापले, त्यांच्याच पलित्यांच्या आगीत त्यांना लोटले. नंतर बेटावर ठाणे बसवले आणि तिथल्या पवित्र राया तोडून टाकल्या.

ही सगळी हकिकत आम्हाला कळते ती टॅसिटस या रोमन इतिहासकारामुळे. हल्ल्याच्या वेळी तो लहान मूल होता. पण त्याचा सासरा अग्रिकोला तरुणपणी याच पॉलिनसच्या हाताखाली ब्रिटनमध्ये नोकरीला होता आणि पुढे इ.स. ७७च्या सुमारास सुभेदार होऊन त्यानेच हे बेट दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. म्हणजे मोनाची साक्ष मोना जिंकणाऱ्याच्या जावयाने दिलेली आहे. मोनाच्या माणसाचे एक अक्षरही उरलेले नाही. ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत, मुखोद्गत करत. मुखे गेली तशी विद्याही गेली.

जावयाने सासऱ्याचे गोडवे गावेत यात नवल नाही. नवल हे, की टॅसिटस तेवढ्यावर थांबत नाही. ब्रिटनचे लोक रोमन पोशाख करू लागले, स्नानगृहांत जाऊ लागले, मेजवान्या झोडू लागले आणि याला ते सुधारणा म्हणू लागले, पण तो त्यांच्या गुलामगिरीचाच भाग होता, असे तो सासऱ्याच्याच चरित्रात लिहून जातो. तेराशे वर्षांनी इब्न खल्दूनने आपल्या मुकद्दिम्यात हरलेला माणूस जिंकणाऱ्याची नक्कल का करतो याची मीमांसा केली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोघांनी नाडी एकच धरली आहे.

हे सगळे देवळ्यात बसून कशासाठी काढायचे, असे वाचक विचारील. कांद्याचा भाव, गिरणेचे पाणी, मुलांच्या नोकऱ्या एवढे विषय पडलेले असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या बेटाची उठाठेव का करायची? कारण असे की मोनाची गोष्ट वाचताना मनात दोन प्रश्न उभे राहतात आणि ते दोन्ही आमच्या दाराशी येऊन थांबतात. हरलेल्याच्या अंगी दोष असला तर जिंकणाऱ्याचा गुनाह माफ होतो काय, हा पहिला. आणि जिंकण्याचा किंवा हरण्याचा वारसा कोणाकडे जातो, हा दुसरा.

पहिला प्रश्न टॅसिटसच उभा करतो. राया का तोडल्या? तर तिथे नरबळी दिले जात, कैद्यांच्या रक्ताने वेद्या माखल्या जात, म्हणून. हा आरोप खोटाच असेल असे समजायचे कारण नाही. मोनाच्या लोकांना देवदूत ठरवायची घाईही करू नये. दुसऱ्या महायुद्धात अँगल्सीवर विमानतळ बांधताना तिथल्या एका तळ्याच्या दलदलीत लोखंडाच्या आणि पितळेसारख्या धातूच्या दीडशेच्या वर प्राचीन वस्तू सापडल्या. तलवारी, भाले, रथाचे भाग, आणि त्यांच्यात माणसांच्या गळ्यात अडकवायची साखळी. एका साखळीत पाच माने, अशी. तिचे वय कळायच्या आधी कामावरच्या माणसांनी ती ट्रॅक्टरला लावून चिखलात रुतलेली वाहने ओढून काढली, तरी ती तुटली नाही. एवढी पक्की घडण! ही साखळी रोमनांची नव्हे. रोमन यायच्या आधीपासून या बेटांवर माणसे माणसांना बांधून नेत होती. ज्यांच्या राया तुटल्या त्यांच्या घरी गुलाम होते.

मग रोमनांनी बरे केले म्हणायचे काय? ज्या रोमने नरबळीच्या नावाने राया तोडल्या, त्याच रोमने इ.स.पूर्व २१६ मध्ये हॅनिबलकडून मार खाल्ल्यावर देवांना शांत करण्यासाठी दोन गॉल आणि दोन ग्रीक, एकेक स्त्री आणि एकेक पुरुष, भर शहरात जिवंत पुरले होते. नरबळीवर कायद्याने बंदी घातली ती इ.स.पूर्व ९७ मध्ये. आखाड्यात माणसे माणसांकडून आणि जनावरांकडून मारवून घेण्याची करमणूक तर त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिली. तेव्हा मोनाच्या वेदीवरच्या रक्ताचा कळवळा येऊन फौज निघाली, हे काही पटत नाही. बेट हे बंडखोरांचे आश्रयस्थान होते म्हणून फौज निघाली. दोष नंतर हाताशी आला. तो खरा होता, एवढेच.

हा 'खरा दोष' ही चीज फार फसवी आहे. आमच्या जवळचे उदाहरण घेऊ. गोव्यातले तिसवाडी हेही बेटच. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुवारी, मागे कुंभारजुव्याचा कालवा. १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने हा मुलूख विजयनगरकडून जिंकला आणि बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. १५१० सालच्या आरंभी आफोन्सो द अल्बुकर्क याने तो घेतला. होनावरचा तिमोजा त्याला सामील होता. मे महिन्यात आदिलशाही फौजेने अल्बुकर्कला हुसकावले. पावसाळाभर तो मांडवीच्या तोंडाशी जहाजांत अडकून पडला, ऑगस्टमध्ये निसटला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी नवे आरमार घेऊन परत आला. त्या दिवशी शहर पडले. यूसुफ आदिलशहा त्याच वर्षी मरण पावला होता आणि विजापूरच्या गादीवर त्याचा अल्पवयीन मुलगा इस्माईल होता.

पुढे काय झाले हे अल्बुकर्कनेच आपला राजा मानुएल याला २२ डिसेंबरच्या पत्रात कळवले आहे. चार दिवस कत्तल चालली. सापडेल त्या मुसलमानाला मारले. माणसे मशिदीत कोंडून मशीद पेटवली. स्त्रीपुरुष मिळून सहा हजार मेल्याचा हिशेब त्याने दिला आहे. शेतकरी आणि ब्राह्मण यांना हात लावू नये, असा हुकूम होता. आकडा फुगवलेला असेलही, कारण राजाला पराक्रम कळवणारा माणूस आकडा कमी करून लिहीत नाही. पण मुद्दा तोच. मोनासारखीच इथेही साक्ष जिंकणाऱ्याची. लपवावे असे त्याला काही वाटलेच नाही. ज्या गोष्टीची त्याला शरम नव्हती तिच्यामुळेच आज आम्हाला ती कळते.

याच अल्बुकर्कने गोव्यात सतीची चाल बंद केली. रॉय आणि बेंटिंक यांच्या तीनशे वर्षे आधी. ही गोष्ट आम्ही टाळणार नाही. जिवंत बाईला जाळू नये हा कायदा चांगलाच होता आणि त्या कायद्याने ज्या बाया वाचल्या असतील त्यांना तो कोणी केला याच्याशी कर्तव्य नव्हते. पण ज्या हाताने तो हुकूम लिहिला त्याच हाताने मशिदीला आग लावायला सांगितली होती. चांगला कायदा त्या आगीवरचे पाणी होत नाही. आणि त्या आगीमुळे कायदा वाईटही ठरत नाही. दोन्ही दोन खात्यांवर राहतात. आम्ही मात्र बेरीज-वजाबाकी करायला बसतो. इंग्रजांनी रेल्वे आणली, मोगलांनी महसुलाची घडी बसवली, अमक्याने जाच केला पण रस्ते बांधले. मेलेल्या माणसाचे खाते रस्ते बांधून मिटत नाही, हे साधे वाण्याच्या दुकानातले गणित इतिहासात शिरले की विसरले जाते.

आणि ज्यांना त्या वर्षी हात लावू नये असा हुकूम होता, त्यांचे पुढे काय झाले? तीस वर्षांनी, १५४० मध्ये, तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायपीठ गोव्यात बसले. तिमोजाने जी चाकरी केली तिची किंमत त्याच्या जातभाईंना, धर्मभाईंना मिळाली ती अशी. शेजाऱ्याचे घर पेटवायला पलिता देणाऱ्याने आपले घर किती वाव लांब आहे ते आधी मोजून ठेवावे. हे वाक्य आम्ही तिमोजासाठी लिहीत नाही, तो कधीच गेला.

आता दुसरा प्रश्न. या सहा हजारांचे वारस कोण?

सहज उत्तर आहे: आम्ही. मुसलमान म्हणून मेले, मग ते आमचे. त्यांची शहादत आमची, त्यांची फिर्याद आमची. हे उत्तर गोड आहे. आजवर ज्यांना दर सभेत, दर निवडणुकीत, दर सिनेमानंतर आक्रमकांचे वंशज म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, त्यांना एकदा तरी फिर्यादीच्या जागी बसायला मिळते. आमच्यातली काही तरुण मंडळी अलीकडे अशा गोष्टी शोधून शोधून मोबाइलवर पाठवत असतात. त्यांचा राग आम्हाला कळतो. पण फिर्याद कोणावर करणार? अल्बुकर्क १५१५ मध्ये मेला. मग गोव्यातल्या आजच्या ख्रिस्ती कोळ्यावर, पावाच्या भट्टीवाल्यावर, शाळेतल्या बाईंवर? तो तर बहुतेक त्याच तिसवाडीतल्या, साष्टीतल्या, बारदेशातल्या बाटवलेल्या कुळंब्याचा पणतू. त्याला अल्बुकर्कच्या नावाने जाब विचारणे हा शुद्ध अन्याय आहे, यावर आमच्या कुठल्याही वाचकाचे दुमत होणार नाही.

तर मग तेच माप आम्हाला लावा, असे आम्ही म्हणतो. आणि इथे आमच्याच माणसांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. माप एकदा हातात घेतले की ते दोन्हीकडे लावावे लागते. औरंगजेबाचा जाब आम्हाला विचारू नका, असे म्हणायचे आणि लगेच आठशे वर्षे आम्ही राज्य केले म्हणून छाती फुगवायची, हे एका तोंडाने बोलता येत नाही. राज्य 'आम्ही' केले असेल तर त्या राज्यात झालेला जुलूमही आम्हीच केला. जुलूम आम्ही केला नसेल तर राज्यही आम्ही केले नाही. वारसा घेतला की कर्ज येते, हे सावकारी जाणणाऱ्या कुठल्याही खेड्यात समजावून सांगावे लागत नाही. आणि हिशेबाच्या दिवशी बापाच्या खात्यातले लेकाच्या खात्यावर चढत नाही, हे तर आमच्या घराघरांत लहानपणापासून शिकवले जाते. ते फक्त गुनाहाला लागू आणि फुशारकीला नाही, असे कोणत्या मौलानांनी सांगितले आहे?

वस्तुस्थिती पाहिली तर हा दावा दोन्ही बाजूंनी हास्यास्पद आहे. आमचा कसमादे पट्टा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, हा जुना बागलाण मुलूख. इथे मुल्हेरला बागुल राजे होते. त्यांच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये त्यांच्या वंशाचे संस्कृत काव्य रचले, म्हणजे मोनापेक्षा आमचे नशीब थोर, इथे हरलेल्यांचा स्वतःचा शब्द काही तरी उरला. हा मुलूख १६३८ मध्ये मोगलांनी घेतला. दख्खनचा सुभेदार होता शहजादा औरंगजेब. पण मुल्हेरवर चाल करून आलेल्या फौजेच्या सरदारांत महंमद ताहिर होता तसा मालोजीही होता. बागुल राजा भैरजी शरण आला, त्याला सुलतानपूरचा परगणा मिळाला. पुढे त्याचा मुलगा मुसलमान झाला आणि दौलतमंदखान म्हणून ओळखला गेला. आता बोला, कोण कोणाचा वारस? जिंकणाऱ्यांत मराठा, हरणाऱ्याच्या पोटी खान.

१६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मैदानात पराभव केला. मोगलांकडून इखलासखान लढत होता आणि त्याच्या बरोबरीने राजपूतही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर मालेगावचा किल्ला इंग्रजांशी कोण लढला? किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांचा आणि लढले अरब. सुमारे महिनाभर त्यांनी कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांना दाद दिली नाही. दारूकोठार उडाल्यावर जूनमध्ये किल्ला खाली झाला. ब्राह्मण सरदाराच्या गढीसाठी मेलेल्या त्या अरबांना कोणत्या यादीत घालायचे, हे धर्माच्या याद्या करणाऱ्यांनी सांगावे.

आणि या सगळ्या धामधुमीत आमचे पूर्वज काय करत होते? आमच्या गावांत मुसलमान म्हणून जी घरे आहेत ती पिंजाऱ्यांची, तांबोळ्यांची, मण्यारांची, खाटकांची, मुलाण्यांची, अत्तारांची. कापूस पिंजणे, पान विकणे, बांगड्या भरणे, बकरे हलाल करणे. मालेगावचे मोमीन विणकर तर एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून हातमाग आणि उपास घेऊन इथे आले. यांच्यापैकी कोणी साल्हेर चढला नाही की मुल्हेर उतरला नाही. फौज कोणाचीही गेली तरी वाटेवरच्या गावाची कणसे तेवढी मोडली. फखरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे अभ्यासक आयुष्यभर हेच समजावत राहिले, की या देशातला मुसलमान म्हणजे एकसंध राज्यकर्ती जमात नव्हे, तो जातींत विभागलेला कष्टकरी माणूस आहे. बाहेरच्यांनी ते ऐकले नाही याचे दुःख आहेच. आमच्यातल्यांनीही पुरते ऐकले नाही, याचे अधिक आहे. पिंजाऱ्याचा पोरगा स्वतःला तुर्क-मोगलांचा वंशज समजायला लागतो तेव्हा तो फक्त इतिहास चुकवत नाही, तो आपल्या बापाच्या धनुकलीची लाज बाळगायला लागतो.

पराक्रमाची आणि पराभवाची अशी उसनवारी मोठमोठी राष्ट्रेही करतात. मोनावर पॉलिनस गुंतलेला असतानाच त्याच्या पाठीमागे बूडिका या राणीने बंड केले. रोमनांनी तिला फटके मारले होते, तिच्या मुलींवर बलात्कार केले होते. तिने तीन शहरे जाळली, त्यांत लंडन होते. हजारो माणसे मारली गेली, आणि ती सगळी काही रोमन नव्हती. शेवटी पॉलिनसने ते बंड मोडले. आज त्याच लंडनमध्ये थेम्सच्या काठी, पार्लमेंटसमोर, बूडिकाचा रथावर स्वार झालेला पुतळा आहे. तो तिथे उभा राहिला १९०२ मध्ये. त्या साली ब्रिटिश साम्राज्य अर्ध्या जगाचे रोम झाले होते. हिंदुस्थानात, आफ्रिकेत त्यांच्या फौजा नेमके तेच करत होत्या जे पॉलिनसने मोनावर केले. आणि घरी मात्र त्यांनी रोमनांशी लढून हरलेल्या राणीला आपली पूर्वज करून घेतले. कृती पॉलिनसची, पुतळा बूडिकाचा! आता हसू येते. पण हा खेळ फक्त इंग्रजच खेळतात असे समजण्याचे कारण नाही. कोणाच्या चौकात कोणाचा पुतळा आणि हातून काय घडते आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. गुनाहाला वारस नाही, पराक्रमाला वारस नाही, असे म्हटल्यावर मेलेल्यांना तरी कोण उरले? तिसवाडीच्या मशिदीत जळालेल्यांना आम्ही आमचे म्हणायचे नाही, मग त्यांचे कोण म्हणणार? मोनाच्या बायकांसाठी तर टॅसिटसशिवाय कोणी नाही, आणि त्यालाही त्या भुतासारख्या दिसल्या. आक्षेप घेणाऱ्याला भीती वाटते ती विसरण्याची, आणि ती रास्त आहे. जे सत्ताधारी इतिहास विसरा म्हणतात, ते बहुधा आपला तेवढा विसरायला सांगतात.

आमचे उत्तर असे, की साक्षीदार व्हायला वारस असावे लागत नाही. उलट न्यायालयात नातलगाच्या साक्षीची किंमत कमीच धरतात. तिसवाडीच्या सहा हजारांबद्दल गोव्याच्या ख्रिस्ती लेखकाने लिहिले, पाडलेल्या देवळांबद्दल मुसलमानाने लिहिले आणि मोगल फौजेने मोडलेल्या कणसांबद्दलही आमच्यापैकी कोणी तरी लिहिले, तर ती साक्ष टिकते. तिच्यात मागणी नसते, वसुली नसते. टॅसिटसचे ते एक वाक्य दोन हजार वर्षे टिकले ते तो ब्रिटिशांचा कोणी लागत नव्हता म्हणूनच. तो जिंकणाऱ्यांच्या घरचा होता. आपल्या घरचे बोलणे बाहेरच्याला खरे वाटायला जड जात नाही.

आमच्या वार्षिकांत, संमेलनांत आम्ही आमच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले. लिहायलाच हवे होते, मालेगाव, मुंबई, भिवंडी यांबद्दल आम्ही नाही लिहिणार तर कोण. पण आमच्या नावाने दुसऱ्यांवर झालेल्या अन्यायाबद्दल लिहिलेली पाने मोजायला घेतली तर हाताची बोटेही जास्त होतील. हमीद दलवाईंशी आमचे कितीही मतभेद असोत, घरातली साक्ष द्यायची हिंमत त्यांनी दाखवली एवढे तर मान्य करावे लागेल. त्यांना आम्ही काय दिले हे सर्वांना माहीत आहे.

तिसवाडीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. कत्तलीनंतर अल्बुकर्कने आपल्या शिपायांची लग्ने लावली, आणि वधू होत्या त्याच शहरातल्या मुसलमान स्त्रिया. मारल्या गेलेल्यांच्या बायका, मुली. त्यांना बाप्तिस्मा दिला, शिपायांना जमिनी आणि घरे दिली. या स्त्रियांची नावे कुठे नोंदलेली आम्ही पाहिली नाहीत. त्यांना मुले झाली, मुलांना मुले झाली आणि पाचशे वर्षांत ते रक्त गोव्यात कुठून कुठे गेले असेल याचा माग लागणे शक्य नाही. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाची दगडी चौकट अजून उभी आहे. पर्यटक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. त्यांच्यात मारणाऱ्यांचे पणतू असतील, मेलेल्यांचे असतील, आणि एकाच माणसात दोघांचेही असतील.